मातोश्रींच्या दातांची जप्ती

कायद्याने सज्ञान होण्याचं वय अठरा ठरवलं आहे, पण ते कागदावर. माणूस खऱ्या अर्थाने सज्ञान होतो तो पहिला हप्ता थकल्यावर. तोवर त्याला जगात कुणी विचारत नाही. हप्ता थकला की अनोळखी माणसं रोज फोन करून त्याची चौकशी करू लागतात. कुठे आहात, कसे आहात, पगार झाला का, नसेल तर का नाही झाला. इतकी विचारपूस सख्ख्या बापानेही केलेली नसते.

प्रस्तुत हकिकतीतले चिरंजीव तेविसाव्या वर्षी या अर्थाने सज्ञान झाले.

चिरंजीव फर्निचरच्या शोरूममध्ये सोफे विकत. (नेमणूकपत्रात तसं होतं. प्रत्यक्षात ते हप्ते विकत. सोफा सोबत जाई.) पगार बेताचा, वर विक्रीप्रमाणे कमिशन. "महिन्याला एवढेसेच जातात साहेब, कळतसुद्धा नाही," हे वाक्य ते दिवसभर इतक्या कळकळीने म्हणत की शेवटी त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. विक्रीच्या धंद्यात असे अपघात होतात.

घरी मातोश्री. वडिलांनी संसारातून लवकर अंग काढून घेतलं होतं. (मरून, म्हणजे रीतसर.) मातोश्री दोन खोल्यांच्या घरातच पाळणाघर चालवत. बाहेरच्या खोलीत रबरी चटया, दाराला आडवी लाकडी फळी, खिडकीत वाळत घातलेले लंगोट. नोकरी करणारी जोडपी सकाळी मुलं आणून टाकत आणि संध्याकाळी बरीचशी तीच परत नेत.

अडचण आली ती दातांची. मातोश्रींचे दात एकेक करून, कसलीही पूर्वसूचना न देता, सोडून गेले. खाण्यापिण्याचं त्यांनी निभावून नेलं, पण मुलं बोलायला त्यांच्याकडूनच शिकत. महिन्याभरात पाळणाघरातली सगळी बाळं सशाला 'फफा' म्हणू लागली. एका बाळाने घरी जाऊन आकडे म्हणून दाखवले: "पाच, फहा, फात." त्याच्या आईने दुसऱ्या दिवसापासून त्याला पाठवणं बंद केलं. पाठोपाठ आणखी दोन बाळं गेली. म्हणजे कवळी ही चैन नव्हती, धंद्यातली गुंतवणूक होती. हे चिरंजीवांनी मातोश्रींना पटवलं, आणि पटवणं हे तर त्यांचं कामच होतं.

दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या खुर्चीआधी एक टेबल लागतं. तिथे एक हसतमुख बाई बसते. तिच्या छातीवरच्या पट्टीवर 'ऋणसखी' असं लिहिलेलं असतं. तिने चिरंजीवांना सांगितलं की व्याज शून्य टक्के आहे. (आमच्या पाहणीनुसार शंभरातल्या नव्वदांना यातलं 'शून्य' एवढंच ऐकू येतं. उरलेल्या दहांना तेही ऐकू येत नाही, कारण ते सही करत असतात.) व्याज खरोखरच शून्य होतं. त्याखेरीज फक्त प्रक्रिया शुल्क, छाननी शुल्क, छाननी झाल्याचं कळवण्याचं शुल्क आणि मातोश्री दातांआधी गेल्या तर दातांची फेड व्हावी म्हणून काढलेला विमा. ओळखीचा एक नातेवाईक म्हणून चिरंजीवांनी मामांचा नंबर दिला. मामांना विचारलं नाही. मामा असतात कशाला?

कवळी आली. मातोश्री आरशासमोर उभं राहून 'सहा' आणि 'सात' म्हणाल्या, आणि आपल्याच आवाजावर खूश होऊन 'सत्याहत्तर'पर्यंत गेल्या. गेलेली बाळं परत आली. घरात हसण्याचं प्रमाण वाढलं.

मग लोकांनी सोफे घेणं कमी केलं. (बहुधा आधीचे फेडत असावेत.) कमिशन आटलं, पगार लांबला, आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला. हप्ता परत गेल्याबद्दल बँकेने दंड घेतला, कंपनीने वेगळा घेतला, आणि दंड झाल्याचं फोनवर सांगितल्याबद्दल त्या फोनचेही पैसे लावले. चिरंजीवांनी यावर सुशिक्षित तरुणाला शोभेल असा उपाय केला: मोबाइलवरच्या एका ॲपमधून झटपट कर्ज काढून हप्ता भरला. मग त्या कर्जासाठी दुसऱ्या ॲपमधून. पुरात बुडणाऱ्याने आधारासाठी आणखी पाणी मागवावं, तसा हा प्रकार. पण अर्ज मंजूर झाला की फोनवर रंगीत फुगे उडत, आणि आयुष्यात दुसरं कुणी आपल्यासाठी फुगे उडवत नसलं की माणसाला तेही बरे वाटतात.

मामांना फोन जाऊ लागले. मामा भाच्याला एवढंच म्हणाले, "दात माझ्या बहिणीला बसवलेस आणि ठणका मला लागलाय." त्यांनी बहिणीला मात्र काही कळू दिलं नाही. चिरंजीवांनीही नाही. तिचे दात नवे होते, ती हसत होती, आणि ते हसणं त्यांना महिनाभर तरी मोडायचं नव्हतं. मग आणखी महिनाभर.

कंपनीच्या वसुली विभागातली एक मुलगी रोज सकाळी फोन करी. आवाज गोड होता. फोन वाजला की चिरंजीव गॅलरीत जात, दार ओढून घेत आणि हळू आवाजात बोलत. मातोश्रींना आतून तुकडे ऐकू येत. "हो... नक्की... माझ्यावर विश्वास ठेवा... आईला अजून काही बोललो नाही... या महिन्यात काहीतरी करतोच."

कुठल्याही आईने जो निष्कर्ष काढला असता, तोच मातोश्रींनी काढला. त्यांनी मुलाला काही विचारलं नाही. फक्त पडदे धुतले.

अशात एके दिवशी दुपारी एक तरुण दारात उभा राहिला. पायात पॉलिश केलेले बूट, काखेत बॅग. हा कंपनीचा वसुलीवाला. (त्याच्या ओळखपत्रावर 'ग्राहकस्नेही' असं होतं.) कंपनीचा एक अत्यंत सभ्य नियम आहे: कर्जदाराच्या अब्रूला धक्का लागू नये म्हणून त्याच्या घरच्यांसमोर 'कर्ज' हा शब्द उच्चारायचा नाही. पुढचं सगळं या सभ्यतेमुळे घडलं.

मातोश्रींनी त्याला पाहिलं आणि मुलीचा भाऊ आला हे ओळखलं. फळी ओलांडून आत घेतलं, खुर्ची दिली, चहा टाकला.

"तो कामावर गेलाय. पण मला सगळं ठाऊक आहे हो," त्या म्हणाल्या.

वसुलीवाल्याला हायसं वाटलं. "मग बरं झालं, मावशी. आमच्या मॅडम रोज बोलतात त्याच्याशी. तो रोज शब्द देतो आणि पाळत नाही."

"शब्द दिलाय त्याने?"

"रेकॉर्डिंग आहे."

मातोश्रींना हे जरा जास्त वाटलं, पण हल्लीच्या मुलींनी सावध असलेलंच बरं, असाही एक विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी विचारलं, किती दिवस चाललंय हे.

"तीन महिने झाले. आता आणखी लांबवता येणार नाही, मावशी. पुढच्या महिन्यात सगळ्यांना दिसायला लागेल."

तो सगळ्या बँकांना दिसणाऱ्या पतनोंदीबद्दल बोलत होता. मातोश्री मटकन खाली बसल्या. जवळचं एक बाळ मांडीवर घेऊन थोपटू लागल्या. मग त्यांनी आयुष्यातला एक मोठा निर्णय घेतला आणि मान वर करून सांगितला.

"मुलीला म्हणावं, अजिबात घाबरू नकोस. जे आहे ते आमचं आहे. मी सांभाळीन. माझं तर पाळणाघरच आहे."

इथे कंपनीचा नियम संपला. प्रशिक्षणात अशा प्रसंगाबद्दल काही शिकवलेलं नव्हतं. वसुलीवाल्याने बॅगेतून कागद काढून मातोश्रींच्या हातात दिला.

मातोश्रींनी तो दोनदा वाचला. आधी त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या खदखदून हसल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे हे दात माझे नाहीत?"

"तसे तुमचेच आहेत. पण शेवटच्या हप्त्यापर्यंत कंपनीचे."

"आणि तो तीन महिने एकटा हे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. उठून मोरीवर गेल्या, कवळी काढली, ब्रशने नीट घासली, एका बाळाच्या बदकाचं चित्र असलेल्या डब्यात ठेवली आणि डबा वसुलीवाल्यापुढे धरला. तो नको नको म्हणत असताना त्या करारी आवाजात म्हणाल्या, "पावती द्या. फहीफकट."

पावतीपुस्तक दुचाकीच्या जप्तीसाठी छापलेलं होतं. 'टायरची स्थिती' या रकान्यात त्याने 'बरी' असं लिहिलं.

संध्याकाळी चिरंजीव आले तेव्हा मातोश्री भात दुधात कुस्करत होत्या. चिरंजीवांना सांगायला काही उरलं नव्हतं. मातोश्री बोलल्या ते असं (उच्चार आम्ही दुरुस्त केले आहेत): "मला वाटलं तू सून आणतोयस. तू व्याज आणलंस. असू दे. पण गॅलरीत एकटा उभा राहून कशाला बोलत होतास? आत बसून बोलायचं. दोघं मिळून बोललो असतो."

चिरंजीव रडले. (याची नोंद कंपनीकडे नाही.) मग त्यांनी फोन पुढे ठेवला आणि सगळी ॲपं एकेक करून आईला दाखवली. फुगे बघून ती म्हणाली की हे तर आपल्या बाळांनाही फसवणार नाहीत.

इकडे कंपनीच्या शाखेत गंभीर प्रश्न उभा राहिला. जप्त वस्तूचा लिलाव करावा लागतो, आणि त्याआधी ती चालू स्थितीत असल्याची खात्री एका अधिकाऱ्याने स्वतः वापरून करायची असते. त्या दिवशी चार अधिकारी रजेवर गेले. डबा मॅनेजरच्या टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी मातोश्री शाखेत आल्या. सोबत अख्खं पाळणाघर. त्यांचं म्हणणं साधं होतं: दात इथे आहेत, दातांवर धंदा आहे, म्हणून धंदाही इथेच. त्यांनी चटया अंथरल्या. दुपारपर्यंत एका बाळाने टोकन देणाऱ्या यंत्रातली सगळी टोकनं काढली, दुसऱ्याने सुरक्षारक्षकाच्या बुटात आपला नैसर्गिक अभिप्राय नोंदवला, आणि बाकीची बाळं काउंटरला धरून एका सुरात "फाहेब, फाहेब" म्हणत राहिली. कर्ज घ्यायला आलेली दोन जोडपी हे बघून विचारात पडली आणि घरी गेली. हे नुकसान मात्र मॅनेजरला सोसलं नाही.

एरवी चिरंजीवांनी दाताच्या कण्या केल्या असत्या तरी जे झालं नसतं, ते तासाभरात झालं. दंड माफ. हप्ता निम्मा. मुदत दुप्पट. (एकूण रक्कम थोडी वाढली, पण आनंदाच्या प्रसंगी कुणी बेरीज करत नाही.) मातोश्रींनी तिथेच कवळी धुऊन बसवली आणि मॅनेजरला स्वच्छ उच्चारात 'सस्नेह' नमस्कार केला.

पुढचं वर्ष ओढाताणीचं गेलं. मामांनी एका ॲपचं देणं मिटवलं आणि पुढे प्रत्येक भेटीत मिटवल्याचं सांगितलं. बाकीची देणी दोघांनी मिळून फेडली. मातोश्रींनी दोन बाळं जास्तीची घेतली, चिरंजीव सुट्टीच्या दिवशी लोकांचे सोफे धुऊ लागले. विकलेल्यापेक्षा धुतलेले सोफे अधिक निघाले. गिऱ्हाइकाला ते आता "सगळे मिळून किती होतात तेवढं विचारा" असंही सांगतात. त्याबद्दल शोरूमने त्यांना ताकीद दिली आहे.

अखेर शेवटचा हप्ता गेला आणि दात मातोश्रींच्या मालकीचे झाले. तोवर त्यांच्या हिरड्या आकसल्या होत्या आणि कवळी खुळखुळू लागली होती. त्याच आठवड्यात ऋणसखीचा फोन आला: आपण आमच्या विश्वासू ग्राहक आहात, नवी कवळी घ्याल का? मातोश्री म्हणाल्या, "काही ऐकू येत नाही हो." त्यावर ऋणसखीने त्यांना श्रवणयंत्र देऊ केलं. शून्य टक्क्यांनी. मातोश्रींनी फोन ठेवला आणि हसत हसत चिरंजीवांना हाक मारली. हसताना कवळी निसटली, ती त्यांनी ओंजळीत झेलली.

हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणतात. हे वाचताना मधे कुठेतरी आपणही हसलात, आम्हाला दिसले. छान आहेत.

किती हप्ते राहिलेत?