एक शब्द, मूठभर मांदेली

पनवेलच्या मासळी बाजारात येसूबायकडून वाट्यावर मूठभर मांदेली जास्तीची हवी असेल तर हुज्जत घालून उपयोग नाही. इंग्रजी शब्द द्यावा लागतो. तोही कुठलाही चालत नाही. त्या आठवड्यात जी दोन अक्षरं चालू असतील ती शब्दात जोडीनं पाहिजेत, आणि अर्थ डोळ्यांना दिसला पाहिजे. न दिसणारा शब्द ती घेत नाही. शिळ्या बांगड्यासारखा परत करते.

माझं नारळाचं दुकान तिच्या ओट्याला लागून आहे. मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढे शाळेला मी नको होतो आणि मला शाळा. इंग्रजीवाचून माझा एकही नारळ आजवर नासलेला नाही, हे मी येसूबायला तोंडावर सांगितलं होतं. ती कोलंबी सोलता सोलता म्हणाली, "तुजा नारल फोनवर बोलत नाय, म्हनून तुना चालतंय."

फोनवर बोलायची ती तिची नात, रिया. येसूबायचा मुलगा मस्कतला बंदरात क्रेन चालवतो. बायको केली ती केरळची. पोर तिथेच जन्मली, तिथेच वाढली. ती आईशी मल्याळम बोलते, बाकी जगाशी इंग्रजी. मराठीत तिला येत होतं एवढंच, "आजी, बरी हाय?" दर शुक्रवारी तिकडे सुट्टी, म्हणून फोन यायचा. आजी बरी हाय म्हणायची, की पोरीचं मराठी संपलं आणि आजीचं इंग्रजी सुरू होण्याआधीच संपलेलं. मग मुलगा फोन घ्यायचा आणि भाव विचारायचा पापलेटचा. तिकडे पापलेट घ्यायचं नसतं, तरी विचारायचा.

एकदा पोरीला शाळेतून अभ्यास आला. एस आणि एच जोडीनं येतील असे पाच शब्द, अर्थासकट. तिनं गंमत म्हणून आजीला विचारलं. येसूबाय ओट्याकडे बघून म्हणाली, "फिश." पोरगी जी हसली, ती फोन सोडीचना. तेव्हापासून हा रिवाज पडला. पोरगी शुक्रवारी पुढची अक्षरं सांगायची आणि येसूबायनं आठवडाभरात पाच शब्द गोळा करायचे. शब्द पाच जमले तर बोलणं लांबायचं. कमी पडले तर मुलगा पापलेटवर यायचा. म्हणून ही सगळी धावपळ.

येसूबायला वाचता येत नाही. अक्षरांचा आकार ती मुलाकडून विचारून घ्यायची, "अर्धी करंजी आणि बाजूला मोडकी खुर्ची," असा. तो आकार ती थर्माकोलच्या खोक्याच्या झाकणावर कोळशानं काढून ठेवायची. गिऱ्हाइकानं शब्द सांगितला की त्यानं तो ओल्या ओट्यावर बोटानं लिहून दाखवायचा. येसूबाय झाकण आणि ओटा ताडून बघायची. नवीन पनवेलच्या सोसायट्यांतली माणसं, इस्त्रीचे शर्ट घातलेली, मासळीच्या पाण्यात बोटं घालून लिहीत बसलेली मी बघितली आहेत. मांदेलीसाठी माणूस काय करील सांगता येत नाही.

सी आणि केच्या आठवड्यात तर मजाच झाली. कॉलेजातल्या एका सरांनी "लक" दिला. येसूबाय म्हणाली, दाखवा. सर म्हणाले, नशीब कसं दाखवणार? ती म्हणाली, मग मांदेली पण नाय दिसायची. सर नाराज होऊन गेले. बँकेतल्या साहेबांनी मात्र "किक" दिला आणि करूनही दाखवला. टोपली उलटली, बर्फ माझ्या नारळांत आला. येसूबायनं त्यांना दोन मुठी दिल्या. एका बाईनं हातभर लांब शब्द आणला आणि मोठा मासा मागितला, तर येसूबाय म्हणाली, "लांब शब्दाला काटंच जास्ती."

शब्द मिळाला की ती फोनवर नुसता सांगून मोकळी होत नसे. ब्रश सांगितला की विचारायची, तुझा कुठल्या रंगाचा? शेल्फ सांगितला की विचारायची, त्याच्यावर काय ठेवलंय? मस्कतचं ते घर तिनं बघितलेलं नाही. पण शेल्फ कुठे आहे ते तिला माहीत आहे. हे प्रश्न तिनं बँकेतल्या साहेबांकडून इंग्रजीत पाठ करून घेतले होते. तिच्या मोबाइलचा आवाज एवढा मोठा की दोन्ही बाजूंची उत्तरं आम्हाला फुकट ऐकायला मिळायची.

त्याच सी-केच्या शुक्रवारी फोन आला. पाच शब्द तयार होते. येसूबायनं हात पुसले, पदर सारखा केला. पोरगी म्हणाली, "आजी, नो मोर लेटर्स. टीचर सेड फिनिश." वरच्या वर्गात गेली होती, तो अभ्यास बंद झाला होता. एवढं मलाही समजलं. येसूबाय म्हणाली, "बरा." मुलगा फोनवर आला, आज घाईत आहे म्हणाला, आणि फोन बंद झाला.

येसूबायनं फोन कानावरून काढला नाही. गिऱ्हाइकं उभी होती, शेजारच्या बायका बघत होत्या. ती ठसक्यात बोलू लागली, "हां रिया. लॉक. लॉक म्हंजे कुलूप." मध्ये उत्तरापुरती थांबली, मान हलवली, हसली. "सॅक. कुठली, निली?" पुन्हा थांबली. फोनमधून आवाज नव्हता. एरवी दर शुक्रवारी आम्हाला ऐकू येतो तो.

आणि तिच्या कानावरच फोन वाजला.

जिभेवर ज्यांच्या कात्री, त्या बायकासुद्धा आपापल्या माशांवर पाणी शिंपडू लागल्या. मी एक चांगला नारळ उचलला आणि गिऱ्हाईक नसताना फोडला, दणक्यात.

येसूबायनं फोन घेतला. पोरगी रागावली होती. "आजी, यू डिडन्ट टेल मी द वर्ड्स."

"टीचर फिनिश ना?"

"टीचर फिनिश. यू टेल."

येसूबाय ओट्यावर टेकली. एक जण पापलेटचा भाव विचारत होता, त्याला मी हातानंच थांबवलं. तिनं लॉकपासून परत सुरुवात केली. कुलूप कुठल्या दाराला, किल्ली कुठे ठेवता, असं विचारलं. पोरगी म्हणाली, अंडर द मॅट. मला ते कळलं नाही, येसूबायला कळलं.

"पायपुसन्याखाली," ती हळूच म्हणाली. "बरा हाय. मी आली तं गावंल मना."