सासूबाईंचं हसू मावेना!

“हसू? एवढंच ना? मी आणतो!” जावईबापू छाती ठोकून म्हणाले, आणि ऐकणाऱ्यांनी खुशाल विश्वास ठेवला.

मागणी तशी साधी होती. त्यांच्या सासूबाई गाडी शिकवण्याचा क्लास चालवायच्या. आता त्या निवृत्त होणार, क्लासच्या भिंतीवर त्यांचा मोठा फोटो लागणार, आणि शिष्यांची इच्छा एकच: निदान फोटोत तरी बाई हसू देत! कारण बाईंना हसताना त्यांच्या पोटच्या मुलीनंही पाहिलेलं नव्हतं.

जावईबापूंचा फोटो स्टुडिओ होता, पण लग्न झाल्यापासून सासूबाईंनी त्यांच्या एकाही फोटोला चांगलं म्हटलं नव्हतं. आज म्हणायला लावायचंच! या जिद्दीने त्यांनी कॉम्प्युटरवर त्या करारी चेहऱ्यावर हसू चढवलं. बायकोच्या फोटोतली जिवणी उचलून आणली. गालाला खळी पाडली, फारच खोल गेली म्हणून पुन्हा बुजवली. समारंभ संध्याकाळी, आणि दुपारीच हसू तयार!

सेव्ह करायला गेले, तर कॉम्प्युटर म्हणतो, जागा नाही.

“जागा नाही? अरे, एक बाई मावत नाही तुझ्यात?”

शोधाशोध केल्यावर चोर सापडला. फोटोच्या सॉफ्टवेअरने कामापुरत्या केलेल्या तात्पुरत्या फायली! तात्पुरत्या कसल्या, दोन दिवसांसाठी येऊन मुक्काम ठोकलेल्या पाहुण्यांसारख्या फुगून बसल्या होत्या. जावईबापूंनी बाह्या सरसावल्या. जुन्या कामांच्या फायली मुकाट गेल्या. सगळ्यात धिप्पाड होती ती मात्र जागची हलेना. ‘ही फाइल वापरात आहे,’ म्हणे.

“कोण वापरतंय? खोलीत मी एकटा आहे!”

बायको धावत आली. “अहो, कुणाशी भांडताय?”

“आत कुणीतरी शिरलंय! माझ्या कॉम्प्युटरमध्ये बसून माझीच फाइल वापरतंय!”

“ते राहू द्या. आधी फोटो छापा, आई निघालीय घरून.”

“फोटो झालाय गं! छापायलासुद्धा जागा लागते ना! थांब, सगळंच बंद करतो. बघतो कसा वापरतो लेकाचा!”

सॉफ्टवेअर बंद करताना प्रश्न आला: बदल जपून ठेवायचे का?

“कचरा कोण जपून ठेवतं?” जावईबापूंनी ‘नाही’ दाबलं.

आणि काय सांगावं! ती धिप्पाड फाइल क्षणात गायब! डिस्क निम्मी रिकामी! जावईबापूंनी आनंदाने खुर्चीसकट गिरकी घेतली. मग छापायला म्हणून फोटो उघडला. पडद्यावर सासूबाई होत्या. ओठ घट्ट मिटलेले, नजर अशी की शिष्याने आत्ताच गाडी दुभाजकावर घातलीय!

जावईबापूंच्या पायांखालची जमीन सरकली. ती फाइल हसूचीच होती, आणि ती वापरणारे ते स्वतःच!

तेवढ्यात दारात सासूबाई. “झाला का फोटो?”

“आई, तुमचं हसू...” जावईबापूंनी पडद्याकडे बोट दाखवलं. “मी पुसून टाकलं. कचरा समजून.”

जावईबापूंनी घाबरत घाबरत सगळी हकीकत सांगितली.

“म्हणजे,” सासूबाई म्हणाल्या, “फाइल तुम्हीच वापरत होतात, आणि कोण वापरतंय म्हणून ओरडतही तुम्हीच होतात?”

“हो.”

आधी सासूबाईंचे खांदे हलले. मग पदर तोंडाशी गेला. आणि मग बाई हसल्या! अशा हसल्या की डोळ्यांत पाणी आलं, टेबलाचा आधार घ्यावा लागला!

“अहो, बघत काय बसलात? कॅमेरा!” बायको ओरडली.

खटाखट फोटो निघाले. सगळ्यात झकास होता तो लगोलग छापला. खरं, अस्सल, मनापासूनचं हसू! सासूबाईंनी चष्मा चढवला. फोटो जवळ धरला, लांब धरला.

“डोळे छान आलेत हो, जावईबापू.”

कौतुक! चक्क कौतुक! जावईबापूंना आकाश ठेंगणं झालं. आता आणखी काय हवं माणसाला?

“फक्त ते तोंड तेवढं मिटवून द्या,” सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “मी बसते तोवर.”