सलीमचाचांचा एकच प्रश्न

गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी साडेतीनला, शहाद्याच्या एसटी स्टँडसमोरचे शिंपी सलीमचाचा यांच्यावर अन्याय झाला. तो आम्ही केला. सुरुवात मी केली.

चाचांना जडजड इंग्रजी शब्दांचा नाद. नुसते पाठ नाही करायचे. प्रत्येक शब्द गिऱ्हाइकाच्या मापाने बेतायचे. रोज पाच शब्द देवनागरीत चिठ्ठ्यांवर लिहून अर्धवट कपड्यांना टाचायचे. एक नवरदेव पाठीवर 'एम्पिरिकल' घेऊन बोहल्यावर चढला, तरी त्यांना पश्चात्ताप नाही.

"चाचा, मन्हा कुर्ता कवय भेटी?" गिऱ्हाईक तारीख विचारायचं.

"तुन्हा कुर्ता आजून हायपोथेसिस शे. बाही लागनी म्हंजे थिअरी व्हई!"

अख्खं एसटी स्टँड हसायचं. चाचाही हसायचे.

त्यांची मुलगी नसरीन पुण्यात संशोधन करते, कापूस वेचणाऱ्या बायकांच्या पाठदुखीवर. त्या शनिवारी आमच्या संघटनेने शेजारच्या लोणखेड्यात तिचं भाषण ठेवलं. इंग्रजीत. संघटनेचं 'इंग्रजीची मक्तेदारी मोडा' हे पत्रक मीच लिहिलंय, तरीही इंग्रजीत. पाहुणे मोठे होते ना!

प्रश्न विचारायची वेळ आली. पाहुणे घड्याळं बघू लागले. चाचा उठले. अंगात इस्त्रीचा सदरा. "युवर मेथडॉलॉजी इज रोबस्ट. बट व्हॉट इज द लिमिटेशन?"

मी फिस्सकन हसलो. मग सगळा हॉल. मागून कुणीतरी ओरडलं, "चाचा, पायजमानी शिलाई सांग!" नसरीनने मान खाली घालून कागद आवरले. उत्तर दिलंच नाही.

प्रश्न बरोबर होता: अभ्यासाची पद्धत पक्की, पण त्याची मर्यादा कोणती? अख्ख्या हॉलमध्ये तेवढाच एक प्रश्न विचारला गेला होता.

आठवड्याने माफी मागायला दुकानात गेलो. एकाही कपड्याला चिठ्ठी नव्हती. चाचा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "पोरले इचारू, काय शिकस? ती म्हने, अब्बा, तुमले समजाव नही. मी म्हनं, शब्द शिकी ल्हेऊ, मंग बोली मन्हासंगे."

आता तिचा फोन येतो. "जेवलात का?" "जेवनू." संपलं.

तुम्हीही घरात कुणाला तरी 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणाला आहात. आज त्याच माणसाला फोन लावा. तब्येत नंतर विचारा. आधी आपलं काम सांगा. आणि त्याचा पहिला प्रश्न कितीही वाकडातिकडा आला, तरी उत्तर द्या.