झाकण घट्ट लावावे

"केक? त्यात काय आहे एवढं! पंधरा मिनिटांचं काम!"

शंकासमाधानरावांनी असं म्हणून बाह्या दुमडल्या, तेव्हा त्यांच्या बायकोने प्लास्टरमधला उजवा हात गळ्यातल्या झोळीत नीट ठेवला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसली. घरबसल्या तमाशा बघायला मिळतोय तर कोण सोडतं!

शंकासमाधानराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. कुठल्या आईबापांनी पोटच्या पोरावर एवढा सूड उगवलाय? हे नाव त्यांना हापिसातल्या लोकांनी पाठीमागे ठेवलं होतं. मायक्रोवेव्हमध्ये भात शिजवायचा प्लास्टिकचा कुकर बनवणाऱ्या कंपनीत ते तक्रार विभागाचे प्रमुख होते. कुकर म्हणजे तरी काय, एक खोलगट डबा, त्यावर भोकाभोकांचं आतलं झाकण, त्यावर बाहेरचं झाकण आणि दोन्ही बाजूंना क्लिपा. पण एवढ्याशा वस्तूबद्दल लोकांच्या तक्रारी काय विचारता! भात चिकट झाला, झाकण निघत नाही, निघालं ते परत बसत नाही. राव सगळ्यांचं समाधान एकाच वाक्यात करत: 'आपण सूचना नीट वाचल्या नाहीत असे दिसते.'

ग्राहक हा प्राणी मुळात बिनडोक, त्यात आळशी, आणि वर तोंडाळ, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यातही सगळ्यात वाया गेलेली जमात म्हणजे केकवाल्या! कुकरच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर चॉकलेट केकची कृती छापलेली होती. ती करून ज्यांचा केक बिघडे, त्यांच्या तक्रारी इतक्या येत, की रावांनी शेवटी एक उत्तर छापूनच घेतलं. खाली स्वतःची सहीसुद्धा छापील! "केकच्या तक्रारी माझ्यापर्यंत आणायच्याच नाहीत," त्यांनी विभागातल्या नव्या मुलीला बजावलं होतं. "नाव-पत्ता टाकायचा आणि पाकीट रवाना करायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यावर वेळ घालवू नकोस."

तर आज त्यांच्या लेकीचा वाढदिवस होता. ही पोरगी एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. दरवर्षी केक आईच करायची, पण या वेळी आई न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडून बसली. "विकत आणू या," आई म्हणाली. पण भिंगरीने वर्गात आधीच सांगून टाकलं होतं, की यंदा केक माझा बाबा करणार! त्यावर तिच्या वर्गातली एक शिष्ट पोरगी नाक मुरडून म्हणाली होती, "तुझा बाबा? तो तर फक्त लोकांना फोनवर ओरडतो ना?" ती शिष्ट पोरगी आणि बाकीच्या मैत्रिणी संध्याकाळी पाचला येणार होत्या.

"बाबा, मी खोटी पडले तर परत शाळेत जाणार नाही," भिंगरी म्हणाली. डोळे भरले होते, पण रडत नव्हती. रावांनी बाह्या आणखी वर सारल्या.

"तुझ्या बाबाच्या हाताखालून हजारो केक गेलेत!" ते म्हणाले.

"बिघडलेले," बायको म्हणाली.

राव कामाला लागले. मैदा, कोको, साखर, पाणी.

"अहो, अंडी?"

"कृतीत नाहीत."

"तेल? लोणी? बेकिंग पावडर?"

"नाहीत म्हणतो ना! कृती कंपनीची आहे, तुझ्या मनाची नाही. मला तोंडपाठ आहे!"

"मग एवढं पाणी कशाला? केक करताय की होळीचा रंग?"

बिनडोक ग्राहकांशी वाद घालायचा नसतो, असा रावांचा विभागीय नियम होता. त्यांनी आतलं झाकण बसवलं, बाहेरचं बसवलं, दोन्ही क्लिपा खट्‌खट्‌ लावल्या आणि मायक्रोवेव्ह सुरू केला. थोड्या वेळाने आतून बुडबुड ऐकू येऊ लागली, आणि मग झाकणाच्या फटींतून तपकिरी चिखल उसळून काचेच्या दारावर थापला गेला!

"फुगतोय! बघितलंस?" राव आनंदाने ओरडले.

"फुगत नाहीये, पळून जातोय," बायको म्हणाली. "शहाणा आहे."

झाकण उघडल्यावर आत सापडली ती खळ. पोस्टरं चिकटवायला उत्तम! पण राव डगमगले नाहीत. केक ओला राहिल्यास वेळ वाढवावा, असं त्यांनीच पत्रकात लिहिलं होतं. त्यांनी वेळ वाढवला. आता आतून जे निघालं, ते निघालंच नाही! चमचा घातला तर चमचा वाकला. सुरी घातली ती तिथेच रुतून बसली. केक कडक झाल्यास पाणी वाढवावे, असंही पत्रकात होतंच. त्यांनी पुन्हा मैदा घेतला आणि पाणी वाढवलं. पुन्हा खळ!

ओट्यावर खळ, भिंतीवर खळ, रावांच्या भुवईला खळ. डब्यात मैदा उरला होता जेमतेम एका केकपुरता. भिंगरी दारात उभी राहून आळीपाळीने घड्याळाकडे आणि बापाकडे बघत होती.

"काहीतरी सदोष आहे," राव पुटपुटले.

"तेच मी लग्न झाल्यापासून म्हणतेय," बायको म्हणाली. "आता असं करा, तुमच्याच हापिसात फोन लावा. रविवारीही चालू असतो म्हणून छाती फुगवून सांगता ना सगळीकडे!"

रावांनी लेकीकडे पाहिलं आणि मुकाट्याने फोन लावला. हात बरबटलेले होते, म्हणून फोन ओट्यावर ठेवून स्पीकर चालू केला. आवाज ओळखू येऊ नये म्हणून नाकाला रुमाल लावला. आणि तक्रारदार म्हणून नाव दिलं ते बायकोचं! घरचा पत्ता मात्र हापिसातल्या त्या नव्या मुलीने खोदून खोदून विचारून घेतला.

"बोला सर, बाईंच्या वतीने बोलताय ना? काय अडचण आहे?" नव्या मुलीचा गोड आवाज आला.

"केक होत नाहीये."

"सर, मायक्रोवेव्हचं बटण चालू आहे का?"

"आहे!"

"सर, कुकर मायक्रोवेव्हच्या आत ठेवलाय ना? काही लोक बाहेर ठेवतात."

बायकोने तोंडावर पदर धरला. हा प्रश्न रावांनीच यादीत घातला होता, ग्राहकाला त्याची पायरी कळावी म्हणून.

"अहो बाई, मी काय मूर्ख वाटलो का तुम्हाला?"

"असं सगळेच म्हणतात सर. आपण सूचना नीट वाचल्यात का?"

"वाचल्यात? अगं, सूचना मी लिहिल्यात!" रुमाल बाजूला सारून राव गरजले.

"हो का सर?" मुलगी अजिबात न बिचकता म्हणाली. नव्या माणसाला असं तयार केलं होतं रावांनीच! "मग तर सोपं आहे. पत्रक समोर घ्या आणि मोठ्याने वाचा. आमची पद्धत आहे तशी. वाचलं की चूक आपली आपल्याला सापडते."

हीसुद्धा रावांचीच पद्धत. फोनवर ग्राहकाला सूचना मोठ्याने वाचायला लावायच्या, म्हणजे तो ओशाळून फोन ठेवतो. पण रावांचे हात बरबटलेले. तेव्हा पत्रक घेतलं भिंगरीने आणि शाळेत धडा वाचतात तसं ठणठणीत वाचायला लागली.

"चॉकलेट केक. एक वाटी मैदा घ्यावा. त्यात दोन वाट्या पाणी घालावे. साखर आणि कोको घालून ढवळावे. झाकण घट्ट लावावे. पाणी पूर्ण आटेपर्यंत ठेवावे. शिजला की नाही हे..." ती थांबली. "बाबा, केकचं शीत कुठं असतं?"

"काय?"

"इथं लिहिलंय. शिजला की नाही हे एक शीत दाबून पाहावे. वाढण्यापूर्वी काट्याने हलकेच मोकळा करावा."

मायक्रोवेव्हच्या दारावरून चिखलाचा एक गोळा पचकन खाली पडला.

"अहो!" बायको खुर्चीतून उठली. "हा भात आहे! तांदूळ खोडून मैदा लिहिलाय नुसता!"

राव भिंतीकडे बघत म्हणाले, "पत्रकात शेवटचं अर्धं पान रिकामं राहत होतं. छापखानेवाला दारात उभा. मालक म्हणाले, काहीतरी गोड टाका."

"करून बघितलं होतं का एकदा तरी?"

"अगं, मी तक्रार विभागात आहे, स्वयंपाक विभागात नाही."

"म्हणजे त्या बायकांनी सूचना नीट वाचल्या म्हणून त्यांचे केक बिघडले! आणि तुम्ही त्यांनाच अडाणी ठरवत बसलात?"

"तक्रार नोंदवून घेतलीय हं सर," फोनमधून आवाज आला. "उत्तर लवकरच घरी येईल. आणखी काही शंका?"

काहीच शंका उरली नव्हती. फोन बंद झाला.

मग बायकोने डाव्या हाताने सूत्रं घेतली. अंडी, तेल, दूध, बेकिंग पावडर. भिंगरीने घोटलं. दोन्ही झाकणं आणि क्लिपा आईने कोपऱ्यात भिरकावल्या. उघड्या डब्यात पीठ ओतलं, आणि मायक्रोवेव्हमध्ये बघता बघता तो केक असा टरारून वर आला, की राव तोंड उघडं टाकून बघतच राहिले.

"डबा चांगला आहे हो कंपनीचा," बायको म्हणाली. "कंपनीतली माणसंच तेवढी..."

मैत्रिणी आल्या. शिष्ट पोरीने आधी केक हुंगला, मग खाल्ला, मग दुसरा तुकडा मागितला. "कुणी केला?"

"माझ्या बाबाने," भिंगरी म्हणाली. एकदाही पापणी न लववता.

रावांनी मान खाली घातली. बायकोचे सगळे टोमणे त्यांनी पचवले होते, पण हे काही घशाखाली उतरेना. आपल्यासाठी पोर खोटं बोलली, आणि तेही वाढदिवसाला! उद्याच्या उद्या ते छापील उत्तर रद्द करायचं, ती कृती खोडायची, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी हापिसात गेल्या गेल्या त्यांनी तसा हुकूम सोडला. पण नवी मुलगी होती भलतीच कामसू. रविवारची पाकिटं तिने रविवारीच रवाना केली होती.

दोन दिवसांनी सगळे जेवायला बसलेले असताना पाकीट आलं. चांगलं जाडजूड, बायकोच्या नावाचं. तिचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून भिंगरीने फोडलं आणि ठणठणीत आवाजात वाचलं.

"महोदया, आपण सूचना नीट वाचल्या नाहीत असे दिसते. केकसाठी लागणारी किमान समज प्रत्येकीला असतेच असे नाही. तरी आपल्या समाधानासाठी सोबत एक जादा झाकण मोफत पाठवीत आहोत. आई! खाली बाबाची सही आहे!"

राव ताटात खूप खोल काहीतरी शोधू लागले. बायकोने डाव्या हाताने ते झाकण उचललं, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघत शांतपणे म्हणाली,

"माप बरोबर वाटतंय. भिंगरी, त्या क्लिपा कुठं ठेवल्यास गं?"