सूज आणि सूजी

"आधीच सांगून ठिवतो, हे कुणाला खरं वाटणार न्हाय," गुरुसिद्धप्पा उशीला रेलून म्हणाले, "पण माझ्या पायाला ज्या नागानं तोंड लावलं, तो जागच्या जागी मेला."

शेजारच्या खाटेवर श्रीपूरच्या साखर कारखान्यातला धोंडीराम प्लास्टरातला पाय टांगून पडला होता. त्यानं मानसुद्धा वळवली नाही. "सिस्टर तर म्हणत हुत्या, चपलेचा खिळा घुसलाय."

"खिळ्यानं माणूस दवाखान्यात येतो व्हय?"

"साखर वाढल्याली आसंल आन् जखमेवर चुना-हळद थापली आसंल, तर येतो की."

गुरुसिद्धप्पांनी विषय सोडून दिला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर, म्हणजे मागांचा मुकादम, म्हणून त्यांचा जन्म गेला होता. मागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे मोठ्यानं बोलावं लागे, आणि मोठ्यानं बोलता बोलता गोष्टही मोठी होत जाई. ही सवय सुटली नव्हती. सुटलं होतं ते ऐकणारं माणूस. बायको कमलम्मा लेकीच्या बाळंतपणाला म्हणून अकलूजला गेल्या होत्या. बाळ आता भिंतीला धरून चालू लागलं, पण आजी काही परतल्या नव्हत्या. लेक राजेश्वरीची शाळेतली नोकरी, बाळाकडं बघायला कोण, असं रोज काहीतरी निघे. फोनवर कमलम्मा विचारत, "जेवलात का?" गुरुसिद्धप्पा सांगत, "पाच पक्वान्नं! माझं काय, मी मजेत." आणि फोन ठेवून कालच्या कडक भाकरीला शेंगाचटणी लावत. संध्याकाळी सवयीनं दोन कप चहा टाकत, आणि दुसरा निवत ठेवत.

खिळ्याचा पाय आठवड्यात लालभडक झाला. डॉक्टर चंद्रिकांनी लाली जिथं संपत होती तिथं पेनानं पोटरीवर रेघ ओढली. "आजोबा, ही लाली रेघेच्या वर सरकता कामा नये. शिरेतून जोड औषध द्यावं लागेल."

"जोड म्हंजे?"

"एका बाटलीत दोन औषधं. एक जंतूला मारतं. पण हे जंतू लबाड असतात, ते औषधच तोडून टाकतात. म्हणून दुसरं औषध त्यांचे हात धरून ठेवतं."

"मग पैलं एकटंच दिलं तर?"

"ह्या जंतूंपुढं एकट्याचं काही चालत नाही."

गुरुसिद्धप्पांनी पायथ्याच्या रिकाम्या स्टुलाकडं बघितलं.

"हे पेनिसिलिनच्या कुळातलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पूर्वी कधी त्याचा त्रास झाला होता का?"

"लई वर्षं झाली. आठवत न्हाय."

"मग घरात कुणाला आठवत असेल?"

घरात आता आठवायला होतं कोण? सिस्टर संस्कृतीनं अकलूजला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडं बाळ रडत होतं, कुकर शिट्ट्या मारत होता.

"आजी, आजोबांना पेनिसिलिनची सूज आली होती का कधी?"

आता गुरुसिद्धप्पांच्या घरची भाषा अर्धी मराठी, अर्धी कन्नड. त्या घरात सुईला, म्हणजेच इंजेक्शनला, 'सूजी' म्हणतात.

"पेनिसिलिनची सूजी?" कमलम्मा ओरडून म्हणाल्या. "व्हय की, झाली हुती! एमआयडीसीत कामाला लागले तवा."

"कुठं झाली होती?"

"कुटं म्हंजे? बसायच्या जागी!"

सिस्टरनं गंभीरपणे मान हलवली. "मोठी होती का?"

"लई मोठी! बैलाला देत्यात तसली. बघूनच यांचे डोळे पांढरे झाले."

"अगं बाई! श्वास नीट चालू होता का?"

"श्वास कुटला घेतायत! दोन्ही हातांनी खाट धरली आन् श्वास रोखून..."

रेंज गेली. सिस्टर धावत बाहेर गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. गुरुसिद्धप्पांच्या खाटेला 'पेनिसिलिन देऊ नये' अशी लाल चिठ्ठी लागली.

घोटाळा गुरुसिद्धप्पांच्या तेव्हाच ध्यानात आला होता. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. ते वाक्य ओठावर आलंही होतं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "अशा माणसाला हे देणं म्हणजे जिवाशी खेळ. तोवर दुसरं सुरू करते. पण आजींनी सगळं डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनाच बोलावून घ्या, मला नीट विचारायचंय."

बोलावून घ्या! गुरुसिद्धप्पांनी ओठावरचं वाक्य गिळलं आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर आलं. "डॉक्टरीणबाई, माझं तोंड भोपळ्याएवढं सुजलं हुतं. सदरा डोक्यातनं निघंना. शेवटी उसवून काढला. न्हाव्यानं दाढीचे दुप्पट मागितले, म्हणला, रान वाढलंय."

"देवा," धोंडीराम छताला म्हणाला.

सिस्टरनं पुन्हा फोन लावला. "आजी, तुम्हाला सोलापूरला यावं लागेल."

पलीकडून कमलम्मांनी पहिलं हेच विचारलं. "त्यांनी बोलावलंय का?"

सिस्टरनं गुरुसिद्धप्पांकडं बघितलं. सगळा वॉर्ड त्यांच्याकडं बघत होता. त्यांनी घसा खाकरला. "सांगा तिला, डॉक्टरांनी बोलावलंय. माझं काय, मी मजेत."

"मग बघते," कमलम्मा म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

'बघते' हा शब्द गुरुसिद्धप्पांनी दिवसभर उलटासुलटा करून पाहिला. कुठल्याही बाजूनं त्यात 'येते' दिसेना. दाराशी कुणाच्या बांगड्या वाजल्या की ते उठून बसत. कधी सिस्टर असे, कधी झाडणारी बाई. सकाळी डॉक्टरांनी पांघरूण बाजूला केलं आणि त्यांचं तोंड उतरलं. लाली रेघ ओलांडून बोटभर वर गेली होती. त्यांनी वर दुसरी रेघ ओढली. "जोड औषधच हवं होतं. पण करणार काय?"

आता मात्र गुरुसिद्धप्पा घाबरले. बायकोची वाट बघायला पाय शाबूत हवा, निदान तिला घ्यायला दारापर्यंत जायला तरी. ते घाईघाईनं म्हणाले, "डॉक्टरीणबाई, ते सगळं खोटं. सूज न्हवतीच. सूजी हुती, सूजी!"

"म्हणजे सूजच ना?"

"सूज न्हवं, सूजी! सुई! आमच्यात सुईला सूजी म्हणत्यात."

"आणि भोपळ्याएवढं तोंड?"

"ते मी जरा..."

"सदरा उसवला तो? न्हावी?"

"न्हावी खरा हाय. पण दाढीचं तसं न्हाय."

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "काल एक सांगितलंत, आज दुसरं. तुमच्या शब्दावर मी तुमच्या शिरेत औषध सोडू? आजोबा, खोटी अॅलर्जी सांगितली तर चांगलं औषध हातचं जातं. खरी लपवली तर माणूसच हातचा जातो. मला साक्षीदार पाहिजे, आणि तो समोर. फोनवर पुन्हा नको."

"धोंडीराम, तू तरी सांग की," गुरुसिद्धप्पा काकुळतीला आले.

"मी काय सांगू? मला तर वाटलं, तुमी मेलेला नाग साक्षीला आणताय."

जन्मभर खोटं सांगून लोकांना हसवलं, आणि एवढं एकच खरं बोललो तर कुणी हसतही नाही. गुरुसिद्धप्पांनी चादर डोक्यावर ओढली. त्यांच्याच एमआयडीसीतली चादर. तिच्या आत सोलापूर ते अकलूज केवढं लांब वाटत होतं, ते त्यांनाच ठाऊक.

"री, तोंडावरचं काढा. जिवंत हाय न्हवं?"

चादर झटक्यात खाली आली. 'री' म्हणजे कन्नडातलं 'अहो', आणि त्यांना तसं म्हणणारं जगात एकच माणूस होतं. खाटेच्या पायथ्याशी कमलम्मा उभ्या होत्या. काखेत पिशवी, आणि पिशवी चांगलीच फुगलेली.

डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं आणि एकेक गोष्ट फोड करून विचारली. इंजेक्शन कशासाठी दिलं? नंतर अंगावर पित्त उठलं का? ओठ, चेहरा सुजला? धाप लागली?

"न्हाय हो बाई! मागाचं लोखंड हातात घुसलं हुतं. कंपनीच्या डॉक्टरानं पेनिसिलिनची सूजी रोज एक, अशी आठवडाभर दिली. एकाही दिवशी काय झालं न्हाय. रोज घरी येऊन चार भाकऱ्या खात हुते."

"आणि भोपळा?"

"भोपळ्याची भाजी हे तोंडात घालत न्हाईत, बाई. भोपळा कुटनं आला?"

लाल चिठ्ठी निघाली. तरी डॉक्टरांनी घाई केली नाही. पहिली बाटली अगदी हळू सोडली आणि सिस्टरला शेजारी उभं केलं. "खाज, धाप, छातीत काही वाटलं तर लगेच सांगायचं. खरं तेवढंच. आणि बरं वाटलं म्हणून मधेच घरी पळायचं नाही. कोर्स पुरा सात दिवसांचा."

बाटली संपली, काही झालं नाही; साधं सलाईन तेवढं चालू राहिलं. सिस्टर गेली. कमलम्मा पायथ्याच्या स्टुलावर बसून होत्या.

"केवढं रामायण केलंत," त्या हळू म्हणाल्या. "न्हावी आणला, भोपळा आणला. पण मराठीत 'ये' आन् कन्नडात 'बा'. दोन्हीकडं एकच अक्षर. तेवढं आलं न्हाय तोंडातनं. पिशवी मी दिवाळीपासनं भरून ठेवलीय."

गुरुसिद्धप्पांनी सलाईनच्या थेंबांकडं बघितलं. मग धोंडीरामाकडं. त्यानं कधी नव्हे ते सभ्यपणे डोळे मिटले होते.

"बा," ते म्हणाले.

"आता कुटं? आलेय की."

"स्टूल लांब हाय."

स्टूल सरकलं. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. राजेश्वरी विचारत होती, आई कधी येणार, बाळ ऐकत नाही. कमलम्मांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि गंभीर आवाज काढला.

"कसलं येतीय बाई! डॉक्टरीणबाई म्हणल्या, हे जोड औषध हाय. बायको शेजारी बसली तरच अंगाला लागतं. निदान सहा महिने तरी..."

गुरुसिद्धप्पा सुई-सलाईन विसरून ताडकन उठून बसले. जन्मभर जो शब्द लोकांकडून ऐकला, तो आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघाला, वॉर्डभर ऐकू जाईल असा:

"खोटं! साफ खोटं!"