सासऱ्यांची आट्यांची डबी

सिद्रामप्पा आंघोळ उरकून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून पाटावर बसले. गळ्यातली चांदीची डबी त्यांनी हातात घेतली, आणि डबी उघडेना.

आधी त्यांनी नुसत्या बोटांनी झाकण फिरवून पाहिलं. मग उपरण्यात धरून फिरवलं. मग डोळे मिटून, मंत्र म्हणत फिरवलं. झाकण ढिम्म हललं नाही. डबीत त्यांचं इष्टलिंग होतं, आणि लिंगपूजा झाल्याशिवाय सिद्रामप्पांनी उभ्या जन्मात पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. ते जेवल्याशिवाय घरात दुसरं कुणी जेवणार नव्हतं. आणि चुलीवर तर हुग्गी रटरटत होती. गहू, गूळ आणि खोबऱ्याचा वास माजघर ओलांडून थेट पाटापर्यंत आला होता.

"जावईबापू," सिद्रामप्पा शांतपणे म्हणाले, "तुमची डबी काय म्हणती ती बगा जरा."

जावईबापूंच्या, म्हणजे शांतलिंगाच्या, तोंडचं पाणीच पळालं. कारण प्रश्न नुसता डबीचा नव्हता.

नळदुर्गात शांतलिंगाच्या घरचं भुसाराचं दुकान होतं. ते त्याचा थोरला भाऊ चालवायचा आणि शांतलिंगानं निदान अर्धा दिवस तरी गादीवर बसावं अशी सगळ्यांची इच्छा होती. पण शांतलिंगाचा जीव परसातल्या गोठ्यात. म्हशीला त्यानं चिंचेखाली हलवलं होतं आणि तिच्या जागी पायानं चालवायचा एक जुना लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, आणून बसवला होता. सोलापूरच्या भंगारातून तो बैलगाडीवर घालून आणताना निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर 'हे नेमकं आहे तरी काय' ते समजावून सांगता सांगता त्याच्या तोंडाला फेस आला होता. त्या लेथवर तो घड्याळजींचे बारके पेचकस, चिमटे, सुईएवढे गिरमिट असली हत्यारं घडवायचा. लढाईच्या दिवसांत विलायती माल मिळेनासा झाला होता, त्यामुळे गावातले घड्याळजी आयुबभाई त्याच्या हत्यारांवर बेहद्द खूश असत.

त्यानं स्वतः एक कॅलिपरही केला होता, जाडी मोजायचा. तो त्याच्या खिशातच असे. जेवायला बसला की तो भाकरीची कड त्यात धरायचा आणि बायकोला सांगायचा, "महानंदा, इथं केसभर जाड झाली बग." महानंदा तव्यावरची पुढची भाकरी जरा जोरात आपटे.

सिद्रामप्पांना, म्हणजे महानंदाच्या वडिलांना, हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. तामलवाडीहून ते आले की गोठ्याकडे पाठ करून बसत. तेव्हा त्यांचं मन वळवण्यासाठी शांतलिंगानं जुने तोडे आटवून लिंगासाठी चांदीची डबी केली, आणि तिला फिरकीच्या तांब्याला असतात तसे आटे पाडले. त्यासाठी मोडक्या कानशीतून खास हत्यार घासलं. आटे पाडताना लेथवरचं ते हत्यार नेहमीपेक्षा उलट दिशेनं सरकत होतं, हे त्याला दिसलं. पण काम इतकं सुबक उतरत होतं की, यंत्र आज खुशीत दिसतंय, एवढंच तो मनाशी म्हणाला आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात करून मोकळा झाला.

आदल्या संध्याकाळी डबी सासऱ्यांच्या हातात पडली होती. लिंग त्यांनी स्वतःच्या हातानं आत ठेवलं, झाकण इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, कुठंतरी आट्यांनी धरलं आणि झाकण लोण्यासारखं खाली गेलं. "आवळा मामा, चांगलं आवळा," शांतलिंग म्हणाला होता, "आत वारा सुदिक शिरणार न्हाय." सिद्रामप्पांनी आवळलं. आणि मग म्हणाले होते, "ठीक हाय. ही डबी मला मानवली तर तुमच्या यंत्राबद्दल पुन्यांदा तोंड उघडणार न्हाय. न्हाय मानवली, तर यंत्र भंगारात आन् तुमी गादीवर. कबूल?" शांतलिंग हसत हसत 'कबूल' म्हणाला होता.

आता तो सासऱ्यांसमोर गुडघे टेकून बसला. डबी काढून गोठ्यात न्यावी म्हटलं, तर लिंग अंगापासून दूर करायचं नाही, हा नेम. म्हणजे डबी गळ्यातच राहणार आणि सासरे डबीबरोबर राहणार. त्यामुळे शांतलिंगाचं नाक सासऱ्यांच्या मिशांना टेकलं होतं आणि तो झाकण पिळत होता.

"श्वास सोडू नका हो," सिद्रामप्पा म्हणाले, "मिशांत गुदगुल्या व्हत्यात."

स्वयंपाकघराच्या दारातून महानंदानं पाहिलं. "अवं, उलटं फिरवून बगा की!"

"उलटं?" शांतलिंग भडकला. "फिरकीचा तांब्या कदी उलटा उघडलाय का? आटे म्या पाडल्यात का तू? उलट्या अंगानं जोर लावला तर चांदीचे आटे जात्याल समदे!"

महानंदा आत गेली. कुणी उलटं फिरवायचं नाही, असा हुकूमच शांतलिंगानं सोडला आणि पुढचं रामायण सुरू झालं.

आधी त्यानं झाकणाला चुलीतली राख चोळली, पकड यावी म्हणून. आली नाही. मग चांदी तापली की फुगते म्हणून ऊन पाण्यात भिजवलेल्या फडक्याची घडी डबीवर ठेवली. डबी छातीवर होती. सिद्रामप्पा पाटावरून उठले ते थेट उंबऱ्यावर जाऊन थांबले.

"जावईबापू, डबी उघडा, मला उकडू नका!"

एवढ्यात दारात आयुबभाई आले. त्यांना त्यांचे पेचकस हवे होते. प्रकार कळल्यावर त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि सिद्रामप्पांच्या छातीशी वाकून बराच वेळ डबी न्याहाळली.

"माशाल्ला, क्या फिटिंग है!" ते म्हणाले. "सांधा दिसतच नाही. शांतलिंग, तुमने कमाल कर दी."

"कमाल राहू द्या," सिद्रामप्पा म्हणाले, "उघडती का सांगा."

"जोर नक्को लगाव. एक थेंब तेल सोडता मैं, घड्याळाचं. बस, फुलासारखी उघडेल."

त्यांनी थेंब सोडला. तेल आट्यांच्या आत काही शिरलं नाही, कारण तिथं वाराही शिरत नव्हता. ते बाहेर पसरलं. आता डबी बोटांत धरली की साबणासारखी निसटू लागली आणि गळ्यातल्या दोऱ्यावर झोके घेऊ लागली.

उन्हं चढली. हुग्गी चुलीवरून उतरवून झाकून ठेवली गेली. शांतलिंगाच्या पोटात कावळे ओरडत होते, पण त्याहून मोठा आवाज त्याच्या काळजातून येत होता. गादीवर बसून गुळाच्या ढेपांवरच्या माश्या हाकलणारा शांतलिंग त्याला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसू लागला. ओसरीवर शेजारीपाजारी जमले होते. कुणी म्हणालं, लिंग रुसलं. कुणी म्हणालं, म्हशीला गोठ्यातून हाकलल्याचं हे फळ. कुणीतरी जाऊन बब्रुवान पैलवानाला घेऊन आलं.

बब्रुवानानं दंड थोपटले, सिद्रामप्पांना वाकून नमस्कार केला, डबीला रुमाल गुंडाळला आणि विचारलं, "कुणीकडं पिळू?"

"नेहमीच्याच अंगानं. फिरकीच्या तांब्यावानी," शांतलिंग म्हणाला.

बब्रुवानानं पिळलं. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. डबी फिरेना, सिद्रामप्पाच फिरले. पूर्वेकडं तोंड करून बसले होते, ते हळूहळू दक्षिणेकडं वळले आणि पैलवान थांबला तेव्हा भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"जावईबापू," भिंतीकडे पाहतच ते म्हणाले, "भंगारवाल्याला सांगावा धाडा."

"मामा, एक डाव!" शांतलिंग कळवळून म्हणाला. "फकस्त एक डाव लेथवर लावू. माणसाची पकड सुटंल, लेथची सुटायची न्हाय. डबी तुमच्याच हातात ऱ्हाईल."

आयुष्यात पहिल्यांदा सिद्रामप्पांनी त्या गोठ्यात पाऊल टाकलं. मागून आयुबभाई, बब्रुवान आणि अर्धी गल्ली. शांतलिंगानं त्यांना ज्वारीच्या पोत्यावर लेथसमोर बसवलं, झाकणाला मऊ कापड गुंडाळून ते लेथच्या जबड्यात आवळलं आणि डबीचं बूड सासऱ्यांच्या दोन्ही मुठींत दिलं.

"मामा, काय वाट्टेल ते झालं तरी मूठ सोडायची न्हाय."

"सोडतोय व्हय मी? माझा देव हाय त्यात."

लेथचं मोठं चाक पायानं न फिरवता हातानं हळूहळू फिरवायचं ठरलं. त्या चाकाला एका बाजूला शिशाचं वजन बसवलेलं होतं. बब्रुवानानं चाक धरलं आणि शांतलिंगानं दाखवलेल्या अंगानं ते ओढायला लागला. लेथचा जबडा फिरला, त्यातलं झाकण फिरलं, झाकणाबरोबर डबी फिरली, डबीबरोबर मुठी, आणि मुठींबरोबर सिद्रामप्पा. त्यांचा एक खांदा वर गेला, एक खाली आला. मग फेटा कानावर आला. मग ते पोत्यावर पार आडवे झाले.

"आजून थोडं!" शांतलिंग ओरडला. "आता सुटतीच!"

"आवो, मामाच सुटायला लागलेत!" आयुबभाई ओरडले.

"सोड!" सिद्रामप्पांनी पोत्यावरूनच गर्जना केली. "बब्रुवाना, सोड ते चाक!"

सासऱ्यांच्या आवाजानं पैलवान दचकला आणि त्यानं दोन्ही हात एकदम सोडले. वर चढलेलं शिशाचं वजन धाडकन खाली आलं, चाक गर्रकन उलटं फिरलं, 'खट्ट' असा आवाज झाला, आणि सिद्रामप्पा पोत्यावर मागच्या मागं उताणे पडले. मुठी छातीशी घट्ट. मुठींत डबी. डबीत लिंग. झाकण लेथच्या जबड्यात चमकत होतं.

चिंचेखाली म्हैस ओरडली.

"उलटं फिरलं जनू," बब्रुवान भाबडेपणानं म्हणाला.

शांतलिंगानं दाराकडे पाहायचं टाळलं. दारात महानंदा उभी होती.

सिद्रामप्पांनी पुन्हा आंघोळ केली, पूजा केली आणि ते जेवायला बसले. हुग्गीवर तूप घेतलं, पुन्हा हुग्गी घेतली, पुन्हा तूप घेतलं. सकाळपासून भूक लागलेली असूनही शांतलिंगाला हुग्गी मातीसारखी लागत होती. जेवण झाल्यावर सिद्रामप्पांनी झाकण हातात घेतलं, डबीवर ठेवून लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"जावईबापू, हिचे आटे उलटे हायेत."

"व्हय, मामा," शांतलिंग पुटपुटला. यंत्र भंगारात गेलंच, असं त्यानं धरलं होतं.

"म्हंजी राख लावून उघडली न्हाय. त्या घड्याळजीला उघडली न्हाय. पैलवानाला उघडली न्हाय." सिद्रामप्पांच्या मिशा हळूहळू वर चढू लागल्या. "आन् आता मला उघडती! उद्या चोरानं पळवली तर जल्मभर पिळत बसंल की लेकाचा! हे तुमी जाणून केलं?"

स्वयंपाकघरातून महानंदाचं खोकणं ऐकू आलं.

"तर हो, मामा," शांतलिंग म्हणाला. " सायकलीच्या डाव्या पायडलचे आटे उलटेच आसत्यात. त्यावरनंच सुचलं."

"मग सकाळपासनं सांगितलं का न्हाय?"

"परीक्षा घेत हुतो... डबीची."

सिद्रामप्पांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की पोटातली हुग्गी पाठीतून निघते की काय असं त्याला वाटलं. "शाब्बास! आजपासनं तुमी आन् तुमचं यंत्र. गादीचं नाव काढणार न्हाय मी. पर आमच्या समद्या भावकीला आसल्याच डब्या पायजेत. येरमाळ्याच्या आमच्या शरणप्पाला पयली. उलट्या आट्याची, बरं का!"

सासरे गाडीत बसून गेले. शांतलिंगानं आनंदाच्या भरात लेथ सुटा केला, चाकन् चाक घासूनपुसून तेलपाणी केलं, सगळं नेहमीप्रमाणे जोडलं आणि शरणप्पाची डबी करायला घेतली. झाली. छान झाली. फिरकीच्या तांब्यासारखी सरळ उघडली. त्यानं दुसरी केली, तीही सरळ. त्यानं लेथ पुढून पाहिला, मागून पाहिला, लेथखाली उताणं पडून पाहिला. येरमाळ्याहून निरोपावर निरोप येत होते आणि डब्या एकामागून एक सरळ उघडत होत्या.

शेवटी तो गोठ्याच्या पायरीवर कपाळाला हात लावून बसला. महानंदा म्हशीला पेंड घालून येत होती.

"काय झालं?"

"उलटे आटे पडंनात," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "त्या डाव कसे पडले, माझं मला कळंना."

महानंदानं गोठ्यात डोकावून पाहिलं. "ते बारकं दातेरी चाक कुठाय?"

"कंचं? ते तर जादा हाय. डब्यात पडून ऱ्हातं ते."

"त्या येळेला झाडताना यंत्राखाली पडल्यालं घावलं मला. म्हणलं, तुमचंच पडलं आसंल. दोन चाकांच्या मधी एक खुंटी मोकळी हुती, तिथं बसवून दिलं."

शांतलिंगाच्या डोळ्यांसमोर त्या मधल्या चाकामुळं हत्यार उलट दिशेनं सरकू लागलं. तो ताडकन उठला. "आगं, मग सांगितलं का न्हाईस?"

"उलटं फिरवून बगा म्हणलं की. तवा कोण आयकलं?"

"बरं, कंची खुंटी? दाव लौकर!"

महानंदा पायरीवर आरामात टेकली. पदरानं हात पुसले. मग त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं.

"दावते. पयलं ते इकडं द्या."

शांतलिंगानं एकदा लेथकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग खिशातला कॅलिपर काढला, नेहमीच्या सवयीनं पुसला आणि तिच्या हातात ठेवला. तिनं तो कनवटीला खोचला, आत जाऊन चाक खुंटीवर बसवून दिलं आणि चूल पेटवायला निघून गेली.

त्या संध्याकाळची भाकरी कडेला चांगली बोटभर जाड होती. शांतलिंगाचा हात खिशाकडे गेला, तिथून रिकामा परत आला. त्यानं ती भाकरी मुकाट्यानं संपवली, आणि वर म्हणाला, "झ्याक झाली. आजून एक वाढ."