हायड्रेंजियासाठी बर्फाची लादी

पाव किलो तुरटी. वाळ्याची ताटी. सायकलरिक्षात आडवी झोपवलेली बर्फाची लादी. एकोणीसशे त्र्याहत्तरचा मे.

एक निळा गुच्छ, निम्मा उमललेला.

"नागपुरात हायड्रेंजिया येत नाही, म्हणते कोण? मी फुलवून दाखवतो! अन् निळा!" असं चंपतरावांनी अख्ख्या रामदासपेठेला बजावून ठेवलं होतं. पचमढीहून आणलेलं ते गुडघ्याएवढं झुडूप अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या बायकोसाठी, गोपिकाबाईंसाठी होतं. पावसाळ्यापुढचं डॉक्टर काही बोलत नव्हते. गोपिकाबाईच म्हणाल्या होत्या, "फूल पाहून जाईन म्हणते."

फूल निळं यावं म्हणून मातीत तुरटी घातली, उन्हासाठी भोवती ताटी लावली. तरी पानं भाजल्या पापडासारखी! शेवटी चंपतरावांनी भल्या सकाळी इतवारी बाजार गाठून बर्फ आणला, अंगणात कुंडीला टेकवला आणि दोन्हींवर ओली पांढरी चादर टाकली.

आता, नागपूरच्या उन्हाळ्यात घरी बर्फाची लादी आली की लोक एकच समजतात. मयत ठेवायची आहे!

शेजारचे रुपराव फाटकाशी आले. "केव्हा झालं गा?"

"बोलू नका, रुपराव. लादी उद्यापर्यंत राहिली तरी खूप."

रुपरावांनी टोपी काढली.

तासाभरात अंगण भरलं. बांबू आले, मडकं आलं. चंपतराव बाहेर येऊन पाहतात तो ही गर्दी! फुलाची एवढी कीर्ती? त्यांची छाती फुगली.

"या, या! पाहून घ्या! लहान पोरायलेही आणा!"

"डोक्यावर परिणाम झाला वं," गर्दीतल्या सिंधूताईंनी शेजारच्या कांताबाईंच्या कानात सांगितलं. कांताबाईंनी रडत चादर उचलली; खाली नुसता बर्फ आणि फूल, म्हणजे मयत अजून आतच. वाहायला दुसरं फूल नव्हतं. त्यांनी तेच तोडलं, आत नेलं आणि झोपलेल्या गोपिकाबाईंच्या पायांवर ठेवलं.

पाय हलले!

कांताबाईंच्या किंकाळीनं बांबूवाले फाटकाबाहेर पळाले. चंपतराव धावत आत आले.

"कांताबाई, फूल तोडलं तुम्ही?"

"मी तं... मले वाटलं..."

"काहून ओरडता तिच्यावर?" गोपिकाबाई म्हणाल्या. "आणा इकडे."

त्यांनी गुच्छ दोन्ही हातांनी नाकाशी धरला. बराच वेळ धरला. चंपतराव पुढे वाकले.

"अवो," त्या म्हणाल्या, "याले तं वासच नाही!"

गोपिकाबाईंचा मुलगा गिरिधर भिलाईला होता. 'आई गेली, ताबडतोब ये' अशी तार रुपरावांनी त्याला सकाळी साडेनऊलाच केली होती.